गांडूळ गिळलेले मासे

आमच्या बोडाइन तलावावर दर वसंतात नवी आमिषं येतात. चमकणारी, खुळखुळणारी, पोटात दिवा लावलेली. होड्यांवर आता टीव्हीसारखे पडदे बसवलेत, त्यांत पाण्याखालचा मासा कुठे उभा आहे ते दिसतं. तरीही वांडा बॉसियरच्या दुकानात गल्ल्याशेजारची जी बरणी सगळ्यांत आधी रिकामी होते, ती प्लास्टिकच्या गांडुळांची. माझ्या लहानपणीही तसंच होतं.

बाहेरगावचे लोक विचारतात, या मऊ दोरीत एवढं काय आहे? खरं तर काहीच नाही. ते खुळखुळत नाही, पळत नाही. बुडालेल्या झाडांच्या मुळांशी जाऊन नुसतं पडतं. जे काय आहे ते गळाची काठी धरणाऱ्याच्या बोटात. दुसऱ्या आमिषावर मासा झडप घालतो, काठी वाकते, झोपेतल्यालाही कळतं. गांडूळ मात्र बास जातीचा मासा हळूच तोंडात ओढून घेतो आणि दोऱ्यातून एक टिचकी वर येते, पलीकडून कोणी काचेवर नख वाजवावं तशी. ती लागल्याबरोबर काठी वर ओढली की गळ ओठात बसतो. उशीर केला तर मासा सगळं गिळून टाकतो. ओठातला गळ काढून मासा परत सोडता येतो. नरड्यात उतरलेला निघत नाही.

आणि आमच्या बास क्लबात मासा सोडायचाच असतो. खायला कॅटफिश आहे. स्पर्धेत बास जिवंत तोलायचा आणि परत पाण्यात द्यायचा. मेलेला बास घेऊन कोणी तराजूपाशी आला तर त्याला कोणी काही म्हणत नाही. लोक फक्त जरा बाजूला सरकतात.

वर्ल टिडवेलच्या वेळी कोणाला कधी सरकावं लागलं नव्हतं. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून तो घरामागच्या शेडमध्ये स्वतः गांडुळं ओतायचा. प्लास्टिक तापवायचं, पिकल्या रानद्राक्षाचा रंग घालायचा, थोडं बडीशेपेचं तेल, मग साच्यात. बरणीतली गांडुळं त्याचीच. नोव्हेला, त्याची बायको, म्हणायची, "चर्चमध्ये डोळे मिटून प्रार्थना करत असले तरी हा येऊन बसला की मला कळतं. मिठाईच्या दुकानासारखा वास येतो."

काठी, दोरा आणि वर्लचं बोट यांत कुठे जोड आहे ते दिसत नसे, असं लोक सांगत. होडीत गप्पा मारता मारता मध्येच तो काठी उचलायचा आणि गळाला मासा असायचा. त्याचा जोडीदार हॉइट प्रुइट चिडून म्हणायचा, "तू माशांना चिठ्ठी पाठवतोस का रे?"

गेल्या पानगळीत वर्ल शेडमध्ये उभा होता आणि त्याला काहीतरी जळल्याचा वास आला. त्याने चुलीकडे बघितलं, वायरीकडे बघितलं. मग हाताकडे बघितलं. तापलेल्या भांड्याच्या कडेला त्याची दोन बोटं टेकलेली होती आणि त्याला काहीच कळलं नव्हतं.

साखरेचा आजार त्याला बरीच वर्षं होता. पाय बधिर होतात का, असं डॉक्टर दर वेळी विचारायचे. हातांबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. नोव्हेलाने पट्टी बघून विचारलं तेव्हा म्हणाला, "गळ लागला." तिने ते मानलं. मासेमारी करणाऱ्याच्या बोटाला गळ लागतोच.

हिवाळाभर त्याने स्वतःची समजूत घातली की थंडीने बोटं बधिर होतात. मार्चमध्ये पाणी तापलं, बास किनाऱ्याला आले, आणि बोटं तशीच राहिली. मग तो डोळ्यांनी दोरा बघू लागला. दोरा बाजूला सरकला तर मासा समजायचा. पण वाऱ्यात दोरा उगाच हलतो, आणि डोळेही काही तरुण नव्हते. काठी उचलावी तर मासा गळाला असायचा, पण गळ खोल, दिसणारही नाही असा. वर्ल तिथेच दोरा कापायचा. कापला तर गळ गंजून पडतो आणि मासा जगतो असं सगळेच म्हणतात. काही जगतातही. तो एकटाच जायचा, सकाळी, मेथडिस्ट चर्चच्या शिबिरामागे तलाव आत घुसलाय त्या खाडीत. हॉइटला सांगायचा की कंबर दुखते, आज येत नाही.

एप्रिलमध्ये त्या खाडीत मेलेले बास तरंगू लागले.

वांडाच्या दुकानासमोरच्या धक्क्यावर पाच-सहा माणसं जमली होती, त्यांत वर्लही. हॉइटने एक मोठी मादी जाळीने उचलून आणली होती. पोट फुगलेलं, अंड्यांनी भरलेली. त्याने फळीवर ठेवून सुरीने गळा उघडला. आत गळ होता आणि त्यावर सुजून दुप्पट झालेलं द्राक्षाच्या रंगाचं गांडूळ.

"बघा," हॉइट म्हणाला. "गिळेपर्यंत हा बाबा काय करत होता? सँडविच खात होता?"

"पाय पसरून झोपला असेल," कोणी म्हणालं.

"अंड्यावरची मादी रे. लाज वाटायला पाहिजे."

वर्लला गांडुळाच्या डोक्याशी काहीतरी पिवळं दिसलं. झाडूची काडी. गांडूळ गळावरून घसरू नये म्हणून तो डोक्यातून आणि गळाच्या नेढ्यातून झाडूच्या काडीचा बारीक तुकडा आरपार खोचायचा आणि टोकं छाटायचा. गिरणीतल्या एका म्हाताऱ्याने त्याला ते शिकवलं होतं. तलावावर दुसरं कोणी तसं करत नसे. बाकीच्यांना तेवढा धीर नव्हता.

हॉइटचा अंगठा त्या काडीवर थांबला. मग त्याने नखाने ती बाहेर काढली, पाण्यात उडवली आणि सुरी पुसली.

"वांडा," तो दुकानाकडे तोंड करून ओरडला, "हल्ली गांडुळं नव्याने कोण नेतं गं?"

वांडा दारात आली. "सगळेच नेतात. मिस्टर ल्यूंनी दोन पाकिटं नेली. शिकतोय म्हणाले."

"झालं तर मग," हॉइट म्हणाला.

थान्ह ल्यू पोर्ट आर्थरच्या गोदीत वेल्डर होता. निवृत्त होऊन बायकोबरोबर तलावाच्या उत्तरेला राहायला आला होता. काठावर उलटी बादली टाकून बसायचा, कॅटफिश धरायचा, कधी बास लागला तर घरी नेऊन खायचा. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. पण लोकांनी ते बघून ठेवलं होतं. यंदाच्या स्पर्धेत भाग घ्यायचा म्हणून त्याने एक जुनी होडीही घेतली होती.

"त्याला काय कळतंय गांडुळातलं," एकजण म्हणाला. "त्यांच्या देशात जाळं टाकतात."

"डबला सांगायला हवं," हॉइट म्हणाला. डब कारगिल क्लबचा अध्यक्ष होता.

वर्लच्या जिभेवर शब्द आले होते. तो खाकरला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, गांडुळांच्या बाबतीत त्याच्याकडेच बघायची सवय होती म्हणून.

"ऊन फार झालंय," वर्ल म्हणाला. "मी निघतो."

हॉइट त्याच्या मागोमाग ट्रकपर्यंत आला. वर्लने दार उघडलं, पण चढला नाही.

"हॉइट, ती काडी."

"कुठली काडी?"

"तू बघितलीस."

"मी काही बघितलं नाही. आणि तूही नाही." हॉइटने आवाज खाली आणला. "डुलकी लागली असेल तुला. लागते. मलाही लागते. त्यासाठी सगळ्या तलावाने तुझं नाव चघळायचं का? ल्यू परवा आलाय, उद्या कंटाळून जाईल. तू इथेच पुरला जाणार आहेस, म्हाताऱ्या. घरी जा."

वर्ल घरी गेला. रस्त्यात त्याला जाणवलं की त्याला हलकं वाटतंय. छातीवरचा दगड कोणीतरी उचलून दुसऱ्याच्या अंगणात टाकला होता, आणि आपल्याला त्याचं बरं वाटलं, हे लक्षात आल्यावर त्याने ट्रक कडेला घेतला. पण मागे फिरला नाही.

दोन-तीन दिवसांनी ल्यू वर्लच्या शेडच्या दारात उभा होता. टोपी हातात.

"मिस्टर टिडवेल, त्रास देतोय. वांडाबाई म्हणाल्या गांडुळं संपली. पण बरणीत दिसत होती. मी काही बोललो नाही."

वर्लने साचा बंद केला. "किती पाहिजेत?"

"पाहिजेत असं नाही. मला शिकायचंय." ल्यू आत यावं की नाही अशा विचारात उंबऱ्यावरच राहिला. "लोक म्हणतात ते मासे माझ्यामुळे मेले. मी त्या खाडीत गेलो होतो, ते खरं आहे. एकदा माझा दोराही तुटला. मला वाटलं झाडात अडकला. पण मला ती टिचकी अजून ओळखता येत नाही. मासा असेल, आणि मला कळलं नसेल. मग त्याने गिळलं असेल. पोटात अंडी होती म्हणे."

वर्लने एका पाकिटात गांडुळं भरायला सुरुवात केली. बोटांना ती जाणवत नव्हती. काही खाली पडली.

"सगळे म्हणतात तुमच्यासारखं कोणालाच कळत नाही," ल्यू म्हणाला. "मला एकदा दाखवाल? मी लवकर शिकतो. गोदीत मला सगळे तेच म्हणायचे."

"आज वेळ नाही," वर्ल म्हणाला. "हे घ्या. पैसे नकोत."

"पैसे घ्या."

"नकोत म्हटलं ना!"

तो एवढ्या जोरात बोलला की ल्यू मागे सरकला. मग हसला, आभार मानले आणि पाकीट छातीशी धरून गेला. वर्ल खाली पडलेली गांडुळं उचलू लागला, आणि ती नीट उचलली जात आहेत का हे त्याला एकेकाकडे बघून खात्री करून घ्यावी लागली.

स्पर्धेच्या आदल्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये क्लबचं जेवण असतं. बाहेर मोठ्या कढईत कॅटफिश तळतात, मक्याच्या पिठाची भजी, कोबीची कोशिंबीर, साखर घातलेला गार चहा. त्या दिवशी सगळे खुशीत होते. वर्लच्या ताटाशी येऊन प्रत्येकजण काहीतरी बोलून जात होता. "मिस्टर वर्ल, यंदा आम्हाला एखादा तरी मासा ठेवा हं." "मिस्टर वर्ल, बरणी भरून ठेवा." नोव्हेला शेजारी बसून हसत होती. वर्ल घास ताटात नुसता फिरवत होता.

ल्यू आणि त्याची बायको आले तेव्हा जेवणं अर्ध्यावर होती. तिच्या हातात कापडाने झाकलेलं ताट होतं, तळलेल्या गुंडाळ्यांचं, वास दारापर्यंत आला. कोणीतरी टेबलावर जागा करून दिली, पण कापड कोणी काढलं नाही. डब कारगिल उठून त्यांच्याजवळ गेला. डब गलेलठ्ठ माणूस, मनाने वाईट नाही. हळू आवाजात बोलायचा त्याचा बेत होता, पण त्याला हळू बोलताच येत नाही.

"मिस्टर ल्यू, असं वाटतंय की यंदाची स्पर्धा राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

"मला समजतं," ल्यू म्हणाला. "मी तेच बोलायला आलोय. सगळ्यांसमोर बोलू का?"

डबने खांदे उडवले. ल्यू हॉलच्या मधोमध उभा राहिला. त्याची बायको भिंतीशी, ओठ घट्ट मिटून.

"मी नवीन आहे," ल्यू म्हणाला. "ते मासे माझ्या हातून मेले असतील तर—"

"तुमच्या हातून नाही," वर्ल म्हणाला.

तो कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. खुर्ची मागे पडली.

"ते मासे माझे आहेत. सगळे. मी मारले आणि दोरे कापले."

कोणीतरी हसलं, पण मायेने. मागच्या टेबलावरून एक बाई म्हणाली, "बघा, हे फक्त मिस्टर वर्लच करू जाणे." दोघांनी टाळ्या वाजवल्या. पाद्री डोळे मिचकावून म्हणाला, "देव तुझं भलं करो, वर्ल. पाहुण्याची लाज राखलीस."

"मी कोणाची लाज राखत नाही!" वर्ल ओरडला.

"खाली बस रे," हॉइट पलीकडून म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ताट गार होतंय."

"डब," वर्ल म्हणाला, "तुझ्या ट्रकमध्ये दोरा असेल. घेऊन ये."

"आत्ता?"

"आत्ता."

डब दोरा घेऊन आला. या हॉलमधल्या निम्म्या माणसांना वर्लने एकाच पद्धतीने शिकवलं होतं. अंगणाच्या एका टोकाला शिकणारा, दोरा तर्जनीवर, डोळे मिटलेले. दुसऱ्या टोकाला वर्ल, नखाने दोरा टिचकावणारा. कळली की "आता" म्हणायचं. डबलाही तसंच शिकवलेलं. त्यामुळे काय करायचं ते त्याला सांगावं लागलं नाही. तो टोक घेऊन दारापाशी गेला. वर्लने दोरा तर्जनीवर घेतला, ताणला आणि डोळे मिटले.

हॉलमध्ये कोणी चमचाही हलवत नव्हतं. बाहेर कढईत तेल तडतडत होतं.

वर्ल वाट बघत राहिला.

"दे की," तो शेवटी म्हणाला.

त्याने दोरा आणखी ताणला.

"दे ना रे, घाबरतोस काय?"

"मिस्टर वर्ल," डब म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खरोखरच हळू होता, "मी देतोय. मघापासून देतोय."

वर्लने डोळे उघडले. डबच्या बोटात दोरा थरथरत होता, या टोकापर्यंत, त्याच्या तर्जनीच्या कातडीवर. तो तिथे बघत राहिला. ते बोट दुसऱ्या कोणाचं तरी असावं असं.

"पानगळीपासून," तो म्हणाला. "सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो आणि तुम्ही यांच्यावर ढकललंत तेव्हाही मी तिथेच उभा होतो."

नोव्हेला त्याच्या बोटांकडे बघत होती. भाजलेलं कधीच भरलं होतं, पण एक गुळगुळीत डाग राहिला होता. "तो गळ नव्हता ना, वर्ल?" तिने विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

कोणी त्याला काही म्हटलं नाही. सगळ्यांनी नजर ताटात घातली. जवळच्या टेबलावरच्या एका माणसाने आपली खुर्ची जरा पलीकडे ओढली, कदाचित वर्लला जायला वाट व्हावी म्हणून. हॉइट उठला, टोपी घातली आणि कोणाकडे न बघता मागच्या दाराने निघून गेला. वांडाने मग पुढे होऊन त्या ताटावरचं कापड काढलं, एक गुंडाळी उचलली आणि घाईघाईने तोंडात घातली, गरम नसतानाही भाजल्यासारखं तोंड करत.

ल्यू तोवर बाहेर गेला होता. आपल्या हातून न घडलेल्या गोष्टीची माफी मागायला तो सगळ्यांसमोर उभा राहिला होता, आणि ते सगळ्यांनी बघितलं होतं. वर्ल मागोमाग गेला. ट्रकपाशी ल्यूची बायको त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी भराभर सांगत होती. वर्लला बघून ती थांबली आणि आत जाऊन बसली. काच वर केली.

"मिस्टर ल्यू," वर्ल म्हणाला.

ल्यूने किल्ली हातात फिरवली. "मी त्या दिवशी तुमच्या शेडमध्ये आलो होतो."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी घरी जाऊन हिला म्हटलं, फार चांगला माणूस आहे. पैसेसुद्धा घेतले नाहीत." ल्यूच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वर्लला उभं राहणं सोपं गेलं असतं. "मी रात्री तीच गांडुळं घेऊन बसायचो. हिला दोरा टिचकवायला सांगायचो. मला वाटायचं, मीच ढ आहे."

वर्लने मान खाली घातली. चर्चच्या आवारातला मुरूम, ल्यूचे जुने वेल्डरचे बूट, टाचेशी भाजल्याचे डाग.

"शिकवेन म्हटलं तर आता तेही येत नाही मला," तो म्हणाला. "चुकलो मी. यापेक्षा मोठं बोलायला माझ्याकडे काही नाही."

हॉलमधून कोणीतरी डबला हाक मारत होतं. वर्लने हात पुढे केला. मान वर करायचा धीर त्याला होत नव्हता, म्हणून तो मुरमाकडेच बघत राहिला, हात हवेत धरून. बराच वेळ गेला असं त्याला वाटलं. ल्यूने तो हात धरला आहे की नाही हे त्याला कळेना, आणि शेवटी ते जाणून घ्यायला त्याला मान वर करून बघावंच लागलं.